एका बाजूचे केस

मात्सुए, ९ नोव्हेंबर

चि. सुमिए,

बरी असशील. इथं सरोवरावरचा वारा बोचायला लागलाय. शेजारच्या ओरिकासाकाकूंनी खारवायचे मुळे वाळत टांगलेत. तुझी चौकशी करत होत्या.

दुकान महिन्यापासून बंद आहे. माझा उजवा हात थरथरतो. आधी अंगठाच थरथरायचा, आता मनगटही. केस ओले करून कापत असतो तर निभावलं असतं. कंगव्यात ताणून धरायचे आणि कात्री चालवायची. पण आईनं आपल्याला कोरडेच कापायला शिकवलं. "ओल्या केसांवर विश्वास ठेवू नका गं, वाळले की बोटभर वर चढतात." धुऊन पूर्ण वाळवायचे, पडतील तसे पडू द्यायचे, भोवरा कुठं वळतोय ते बघायचं आणि कात्रीच्या टोकानं थोडं थोडं टिपायचं. त्यात थरथर लपत नाही. ऑगस्टमध्ये एका बाईच्या कानाला कात्री लागली. ती पैसे देऊन गेली. पुन्हा आलीही नाही.

सहा वर्षांपूर्वी भर दुकानात मी तुझ्या हातातली कात्री हिसकावली, "तुझ्या हाताला नजरच नाही," म्हणाले. नजर होती, सुमिए. गिऱ्हाइकं तुझं नाव घेऊन यायला लागली होती, एवढंच.

आता आईचं. मघापासून दोनदा उठून चहा केला, तरी लिहवत नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिनं अंथरूण धरलं. अकरा तारखेला म्हणाली, "केस काप गं माझे, मान खाजते." उशांना टेकवून बसवलं. डावी बाजू कशीबशी झाली. उजवीकडे वळले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"हात कापतोय तुझा. कधीपासून?"

"थंडीनं गं."

"ठेव ती कात्री. सुमिएला बोलाव. ती करील उरलेलं."

मला झोंबलं. आजारी बाईचं बोलणं मला झोंबलं! म्हणाले, "विचारलं तिला. येत नाही म्हणाली."

मी तुला विचारलंच नव्हतं.

आईनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "रागात असेल. राग उतरला की येईल. तोवर राहू दे असेच."

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "आई झोपलीय, बरी आहे," म्हणून मी ठेवून दिला. ती जागी होती. "कोण गं?" म्हणाली. मी म्हटलं, "चुकून लागला कुणाचा तरी."

एकवीस तारखेला पहाटे ती गेली. एका बाजूला कानापर्यंत केस, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत. मामी म्हणाल्या, "निदान सारखे तरी कर, लोक काय म्हणतील?" मी कात्री उचलली नाही. ती तशीच गेली. आणि तुला मी तेव्हाही कळवलं नाही. तू आली असतीस तर पहिल्यांदा तिच्या केसांकडेच बघितलं असतंस.

तिच्या जाण्याचा एकोणपन्नासावा दिवस आठ डिसेंबरला येतो. त्या दिवशी अस्थी पुरायच्या. ये असं लिहायला धजत नाही, आणि आलीस तरी तुझ्यासाठी इथं काही उरलेलं नाही.

क्षमा मागत नाही. ती शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती, हे तुला कळायला हवं होतं. तिला मात्र आता काहीच कळवता येणार नाही.

फुसाको
(ताई असं लिहवत नाही.)