झडपेचा भाव

मिलर क्रीक, साउथ डकोटा
३ मार्च

ती. ऑर्फाताईस, डेलचा सा. न. वि. वि.

वॉलेस भाऊजींना जाऊन वर्ष व्हायला आलं. तुझं कसं चाललंय हे विचारायचं सोडून माझंच रडगाणं लिहितोय. माझ्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. डॉक्टर गाईच्या हृदयावरच्या पापुद्र्याची नवी झडप बसवणार म्हणतात. मला हसू आलं. गाय फाटकातून आत येईपर्यंत तिचा भाव सांगणारा गुरांचा व्यापारी मी, आणि तिच्या नखाएवढ्या तुकड्याचा भाव इस्पितळात कोणालाच सांगता येईना. बिलाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, काका, आधी ऑपरेशन होऊन तर जाऊ दे, मग विमावाले काय ते कळवतील. मी म्हटलं, असा भाव न ठरवता बैल मी सख्ख्या बापाकडूनही घेणार नाही.

भाव कळेपर्यंत ऑपरेशन नाही. रागावू नकोस.

तुझा हट्टी भाऊ
डेल

नेब्रास्का, ११ मार्च

चि. डेल यास अनेक आशीर्वाद.

बैलाचं वाचून हसले, मग रडू आलं. वॉलेसही असाच इलाजाचा भाव विचारत राहिला. त्यात हिवाळा गेला आणि माणूसही. इस्पितळाची बिलं अजून येतात.

शनिवारी गावानं चर्चच्या तळघरात माझ्या मदतीला पैसे जमवायला जेवण ठेवलं होतं. शेवटी माझ्या जर्दाळूच्या केकचा लिलाव झाला. गावातल्या ओले हॅन्सननं पैसे मोजून तो घेतला आणि परत टेबलावर ठेवून म्हणाला, पुन्हा विका. पुढच्यानंही तेच केलं. वॉलेसशी कुंपणाच्या वादावरून अबोला धरलेल्या लार्सनंही. केक कोणी कापेना. एकूण किती लागणार हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले. जन्मभर या माणसांना मी रस्त्यातून नुसता हात हलवत आले.

भाव जरूर विचार, भांडही. पण झडप बसवून घे. आणखी एक माणूस घालवायची ताकद माझ्यात नाही.

तुझी ताई
ऑर्फा

मिलर क्रीक, १९ मार्च

ती. ताईस, सा. न.

आज सर्जनलाच गाठलं. हृदय कसं थांबवणार, तोवर रक्त यंत्रातून कसं फिरवणार, पुन्हा कसं चालू करणार, सगळं त्यानं कागदावर काढून दाखवलं. मी टोपी हातात घेऊन ऐकत होतो. मग भाव विचारला. तो म्हणाला, डेलकाका, मलाही कोणी सांगत नाही हो. त्याची मान खाली गेली. एवढं जाणणारा माणूस, आणि त्यालाच धीर द्यावा असं मला वाटलं.

भाव न कळताच मी ऑपरेशनला हो म्हणालो. गुरुवारी सकाळी आहे. तुझा लोभ आहेच, पण या वेळी तो घेऊन स्वतः ये. डोळे उघडीन तेव्हा ओळखीचं कोणी दिसावं.

डेल