सांजेपर्यंत घर झाडजो नको

शकुन,

तू नदीवर धुणं घेऊन गेली, तेवढ्यात मी निघतो. तू दारात उभी राहिली का माहा पाय निघत नाही. कोशाच्या रेशमी साड्यांचं गठुडं विकाले घेऊन बपेऱ्याकडच्या गावांत जाऊन राहिलो. आठ दिवस लागतील. गाईले कुटार टाकजो. माणूस गावाले गेला का लगेच घर झाडत नाही, सांजेपर्यंत थांबजो.

मागच्या खेपेस छातीत धडधडलं, म्हणून मी पवनीच्या स्टँडवरून परत आलो होतो. तुले सांगतलं नाही. तू अंगण झाडत गाणं म्हणून राहिली होती. कुंपणाआड उभा राहून पूर्ण ऐकलं अन् दुसऱ्या गाडीनं गेलो. आता परगावी जीव घाबरला का तेच गुणगुणतो. बरं वाटते.

मी घरी असताना ते काहून म्हणत नाही?

तुलाराम