बर्फावरची बाई

प्रिय गुनवोर,

तुझा खोकला गेला का? मालकीणबाई तुझ्या खोलीत शेगडी पेटवू देतात का? इथं गायी बऱ्या आहेत, हल्ली मी त्यांच्याशीच बोलतो. आईनं भाजून ठेवलेली पातळ भाकऱ्यांची चवड यंदा सरता सरत नाही.

माझं एक काम कर. तुमच्या ख्रिस्तियानियाच्या मोठ्या रस्त्यावर चित्रांचं दुकान आहे, येत्या रविवारी तिथं जा. बंद असलं तरी काचेतून दिसेल. टोर्स्टाइन मास्तरांनी पेपरात वाचलं, आपल्या तळ्याचं हिवाळ्यातलं चित्र तिथं लावलंय. कुणी विकत घेऊन जर्मनीला नेलं की संपलंच, म्हणून उशीर करू नकोस. रस्ता ओलांडताना घोडागाड्यांकडे बघ.

तो चित्रकार गेल्या हिवाळ्यात आपल्याकडेच उतरला होता. पोरगेलासा, बोटं सुजलेली; रंग गोठायचे म्हणून नळ्या काखेत धरून बसायचा. त्यानं तळं काढलं, बर्फावरच्या वाटेच्या खुणेसाठी मी रोवलेल्या फांद्याही काढल्या. मग म्हणाला, “मावशी, माणसाशिवाय फार ओसाड दिसतंय. जरा तळ्यावरून चालता का?” तुझी आई म्हणाली, “ओसाड दिसतंय, कारण ओसाडच आहे. शहाणी माणसं चुलीपाशी बसलीत.” तरी गेली. पलीकडच्या कोठीतून गवताची घसरगाडी ओढून आणायचीच होती. तो दारातून ओरडायचा, “मावशी, तिथंच थांबा की जरा,” आणि ही तिकडून, “थांबले तर गायी तुझं चित्र खातील का रे?” त्यानं जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिला कागदावर उतरवलं. शेवटी चित्रात जाणारी घ्यायची की येणारी, ते त्यालाच ठरवता येत नव्हतं.

यंदा बर्फ लवकर कुजलाय. फांद्यांच्या बुडाशी पाणी दिसतं. काल शेजाऱ्याचा घोडा पोटापर्यंत आत गेला, दोर लावून काढला. डोंगरावरच्या वाटेनं तर रोज हिमकडे कोसळतात. म्हणून आधीच सांगतो, पुढचं वाचून लगेच निघू नकोस.

तुझी आई गेली, पोरी. मार्चमध्ये छातीत ताप भरला आणि दोन-तीन दिवसांत संपलं. तेव्हाच कळवलं असतं तर तू याच बर्फावरून धावत आली असतीस, आणि मग मी काय केलं असतं? जमीन अजून दगड आहे, कुदळ शिरत नाही. शवपेटी कोठीत ठेवलीय, जुनिपरच्या डहाळ्या घालून. तळं मोकळं झालं की होडीतून चर्चकडे नेऊ, तेव्हा ये. पण तिचा चेहरा तुला दिसणार नाही, झाकण मी ठोकलंय. घरात तिची तसबीर नाही. म्हणून त्या दुकानात जा. बाई बोटाच्या पेराएवढी असेल. काचेला नाक लावून बघ, लोक हसले तर हसू देत. ती घराकडे येते आहे की पलीकडे चालली आहे, तेवढं मला कळव.

तुझाच,
बाप एलिंग