पुढची शीर का मागची

१८-४-७६, रविवार
विहारात गेले न्हाई. गुडघा निसटतोय. महिना झाला, रानातल्या भेगंत पाय आडकला, डोक्यावर तुराट्याचा भारा. वरून मी फिरले अन् पाय तसाच. आत कट् वाजलं.
बुद्धवंदना पारूनं सांगितली म्हणं. माझी धाकटी जाऊ. बारा वर्सं मी पुढं गुडघे टेकायची अन् सगळ्या बाया माझ्या मागं म्हणायच्या. हे घरी येऊन म्हणायलेत, "पारूचा गळा गोड हाय."
मी भाकर थापायले होते. गोड गळ्याच्या हातची खा म्हणलं अन् तवा उतरवला.

२२-४, गुरवार
चुडाव्याहून गाडीनं औरंगाबादला, मोठ्या दवाखान्यात. हे अन् पारू संगं. ती नको म्हणलं होतं मी. कोण ऐकतंय.
हाडाचे डाक्टर वयानं तरणे हायत पण नीट सांगतेत. गुडघ्यातला दोर तुटलाय, शिवून जमत न्हाई. अंगातली दुसरी शीर काढून तिथं बसवायची.
मी म्हणलं, मग हिची काढा. हिचे दोनी गुडघे धड हायत.
डा. हसले. पारू हसली न्हाई. म्हणली, "घ्या की सायेब. अक्काचं चालणं होऊ द्या."
दुसऱ्याची चालत न्हाई म्हणले. पण सगळ्या वॉर्डानं ऐकलं. शेजारच्या खाटंवरली म्हातारी तवापासून एकच म्हणायली, जाऊ असावी तर अशी. शीर न देताच हिचं नाव झालं.

२४-४
डा. नं परत समजावलं. वाटीखालची पुढची शीर घेतली तर लय मजबूत. हाडाच्या तुकड्यासकट काढतेत, हाडात हाड जुळतं. पण गुडघा टेकला की दुखंल, जन्मभरबी दुखंल. मांडीमागची घेतली तर टेकता येतंय. पण बारीक हाय, पुढं ढिली पडली तर भारा उचलणं बंद. मांडीच्या बाजूची पट्टीबी निघती, पण एकटी पुरायची न्हाई म्हणले.
हे म्हणले पुढची. रान कोण करील.
पारूबी म्हणली, "मजबूत असंल ती घ्या अक्का."
तुला काय जातंय. मी टेकले न्हाई की जागा तुझी. तोंडावर म्हणणार होते. पण ती माझंच लुगडं धुवून पिळायली होती.

२७-४, मंगळवार
उद्या कापायचं.
पारू वेणी घालायली. विचारलं, पुढची काढली तर वंदना कोण सांगंल गं. वाटलं, म्हणंल तुमीच. तिनं फणी थांबवली न्हाई.
"मी सांगीन. मला आवडतंय."
"अन् मागची काढली तर?"
"तर भारे मी आणीन. आताबी मीच आणायले की."
केस लय ओढती.
सिस्टरनं कागद आणला, अंगठ्याची डबी पुढं केली. पेन मागितला, नाव लिवलं. पुढची का मागची ते सकाळी सांगा म्हणली.
हे चहाला गेलेत. पारू पायथ्याशी बसून वंदना म्हणायली, हळूच. एका जागी दर बारीला चुकती. तिला अजून सांगितलं न्हाई.