नळ्या कोणाच्या हातच्या

मी, ऑर्व्हल टीग, वय एकोणऐंशी, राहणार सायप्रस बेंड, आर्कान्सा, घरामागच्या शेडमध्ये शिकारीच्या बंदुका दुरुस्त करणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांना शंका आहे ती माझ्या हृदयाची. डोक्याची शंका फक्त माझ्या मेव्हण्याला आहे. ती कोर्टाने विचारात घेऊ नये.

कलम १. घर, शेड, सर्व हत्यारे व बँकेतील शिल्लक माझी पत्नी व्हर्डेल हिला मिळावी.

कलम २. सदर मेव्हणा हॉइट प्रुएट याला त्याचीच फुटकी नळी द्यावी. अठ्ठ्याऐंशी साली त्याने चिखल भरलेली बंदूक झाडली. नळीचे तोंड केळ्याच्या सालीसारखे सोलवटले. चर्चमध्ये मात्र सांगत सुटला, "ऑर्व्हलने चोक बिघडवला." चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायचे, काढता येणारे आवळण, छर्रे किती पसरायचे ते त्यावर ठरते. हॉइटला हे अजून ठाऊक नाही, म्हणून नमूद केले.

कलम ३. बदकांची शिकार करणाऱ्या डक क्लबच्या सभासदांना काहीही नाही. तीस वर्षे नेम चुकला की ते चोक घेऊन आले. मी तो पुसून आठवडाभर फडताळात ठेवला आणि परत दिला. सर्वांचे म्हणणे, आता बदके पडतात.

कलम ४. वीस वर्षांपूर्वी माझी नजर अधू झाली. नळीतून उजेडाकडे पाहिले की आतली सावलीची रेघ जिथे वाकते, तिथे पोचा असतो. मला ती रेघच दिसेना. क्लबच्या अध्यक्षांच्या नळीतला पोचा काढताना मी दुसरा पाडला.

"सरक," व्हर्डेल म्हणाली. "इतकी वर्षं तुझी बडबड ऐकलीय, आता मला बघू दे."

तिने दिवसभर हलके ठोके दिले, नळी फिरवली, उजेडाकडे धरून पाहिली. नळी आरशासारखी झाली. अध्यक्ष म्हणाले, "ऑर्व्हल, असा हात देव एखाद्यालाच देतो." व्हर्डेल त्यांना कॉफी देत होती. तिने विचारले, "साखर किती?" मी दुरुस्तीच्या चिठ्ठीवर माझी सही केली.

तेव्हापासूनची प्रत्येक नळी तिच्या हातची आहे. चिठ्ठीवर सही माझी.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ क्लबच्या वार्षिक जेवणात, ताटे वाढण्याआधी, मोठ्याने वाचावे.

हा मसुदा व्हर्डेलने वाचला. चष्मा काढून म्हणाली, "मेल्यावर सांगणार? म्हणजे त्यांची तोंडं मी एकटीने बघायची, आणि तू आरामात पडून राहणार."

सबब कलम ५ रद्द. येत्या शनिवारी क्लबच्या वार्षिक जेवणात कलम ४ मी स्वतः उभा राहून वाचीन. ती शेजारी बसेल आणि त्या दिवशी कॉफी दुसरे कोणीतरी देईल.

सही: ऑर्व्हल टीग
सायप्रस बेंड, १४ नोव्हेंबर २०२३

आमच्यासमक्ष सही झाली:
१. युला फँचर, ग्रंथपाल.
२. थर्मन बास, निवृत्त पोस्टमास्तर. यांनी सहीआधी विचारले, "मग माझीही नळी तिनेच केली?" होय म्हटल्यावर खाली बसले, पाणी मागितले आणि सही केली.