खाटेवरून जमिनीवर

बाई, त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं उत्तर दिलं. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तुमच्या वॉर्डाची इन्चार्ज आज मी आहे.

छातीवर दाब कसा द्यायचा ते तुम्ही मला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात शिकवलंत, फरशीवर आडव्या टाकलेल्या तांदळाच्या पोत्यावर. मी नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन जव्हारला आले होते. पोत्यापुढे गुडघे टेकायला मला कमीपणा वाटत होता. "कणीक तिंबतेस का? कोपर सरळ ठेव," तुम्ही म्हणालात. स्वयंपाकाच्या मावशी हसल्या, "बाई, माझ्या तांदळाची पिठी करील ही." तुम्ही हसला नाहीत. माझे शंभर दाब झाले, तेव्हा पुन्हा एकपासून मोजायला लावलंत.

त्या दुपारी आणलेला माणूस जामसरचा होता, पंचेचाळिशीचा. छातीत कळ आली म्हणून भाऊ आणि बायको त्याला जीपमध्ये घालून घेऊन आले होते. तुम्ही जेवायला गेला होतात, डॉक्टर ओपीडीत होते. मी औषधांच्या खोलीत इंजेक्शन भरत होते. बाहेर येते तर खाट रिकामी आणि तो खाली, घोंगडीवर. मानेला बोट लावलं, नाडी नाही. "खाली घेतला, शिस्टर," भाऊ म्हणाला. "चालला तो. खाटंवर जीव जाऊ नये." मला तो निव्वळ अडाणीपणा वाटला. मी मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं आणि त्या दोघांना म्हणाले, "कोणी सांगितलं खाली घ्यायला? वर घ्या आधी." माझ्या अंगावर पांढरे कपडे होते, म्हणून त्यांनी ऐकलं. उचलताना सलाईन निघालं, ते मी पुन्हा लावत बसले. यात दोन मिनिटं गेली, निदान दोन. मग दाब द्यायला लागले. त्या लोखंडी खाटेची जाळी मधोमध खोल गेलेली होती. मी दाबलं की अख्खा माणूस गादीत जायचा, छाती तशीच राहायची. ते मला हाताला कळत होतं, तरी मी मोजत राहिले.

तुम्ही दारातूनच ओरडलात, "खाली घ्या त्याला." तुम्ही गुडघ्यांवर बसलात, डॉक्टर आले, अॅड्रिनलिन दिलं, वीस मिनिटं आपण आळीपाळीने दाब देत होतो. मग डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

हात धुताना तुम्ही विचारलंत, "हृदय थांबलं तेव्हा तो कुठं होता?"

"खाटेवर."

"मग खाली का नाही घेतलास?"

"सुचलं नाही."

"पुढच्या वेळी सुचेल," म्हणालात आणि केसपेपरवर तसंच लिहिलंत. माझ्यावर तुमचा विश्वास होता. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

तो वाचला असता असं मी म्हणत नाही. शॉक द्यायचं मशीन आपल्याकडे नव्हतं. शक्यता फार थोडी होती, आणि ती होती तेव्हा तो जमिनीवर होता. त्याच्या माणसांनी त्याला मरायला म्हणून जिथं ठेवलं होतं, तीच वाचवायची जागा होती.

तुम्ही केसपेपर घेऊन वॉर्डाबाहेर गेल्यावर त्याची बायको माझ्यापाशी आली. "शिस्टर, आमी खाली घेतला म्हणून गेला का तो?" मी म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" तिनं दिराकडे पाहिलं. "मी नको म्हणत होते तुला," ती त्याला म्हणाली. तो घोंगडीची घडी घालत राहिला. तिनं माझ्या उत्तराचा काय अर्थ घेतला ते मला समजत होतं. मी रजिस्टर उघडलं.

आता मी नव्या मुलींना शिकवते. प्रत्येक खाटेमागे दाब देताना पाठीखाली सरकवायची फळी असते, आणि फळी सापडली नाही तर रोगी सरळ जमिनीवर, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगते. ते मला कसं कळलं हे कोणी विचारत नाही. विचारलं तर तुमचं नाव सांगेन.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, अर्थातच. तुम्हाला लिहिणं फारसं जड गेलं नाही. त्याची बायको अजून जामसरलाच आहे. तिला वाचता येत नाही. तिला हे समोर बसूनच सांगावं लागेल, ते अजून जमलेलं नाही, म्हणून मी तुम्हाला लिहिलं.