गाठ फ्लुरोकार्बनशी आहे

प्रिय साडूभाऊ,

तुम्हाला तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, आणि चिरंजीव म्हणावं तर टक्कल माझ्याहून मोठं, म्हणून नुसताच वाकून नमस्कार (वाकलो ते मनातल्या मनात, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). तुमचा खोकला, मेहुणीबाईंचे गुडघे आणि गळ-दोऱ्यांचं दुकान, तिन्ही बरी आहेत ना? आम्ही सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे सौ. आता न्हाणीघराबाहेर आहे.

विषय आमच्या व्याह्यांचा. (लेकीच्या लग्नात त्यांची-तुमची ओळख मीच करून दिली होती.) माणूस सोन्यासारखा, पण होडीत बसला की त्याचा मास्तर होतो. मी निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते मला मासे धरायला नेतात, आणि खरं सांगतो, आठवडाभर मी त्या एका दिवसाचीच वाट पाहतो. त्यांच्या डब्यात तयार लीडर असतात, म्हणजे गळाला जोडायचा तो शेवटचा जाड, पारदर्शक दोर (तुम्हाला शिकवत नाही, पण पत्र मेहुणीबाईही वाचतात, आणि पुढाऱ्यांशी त्याचा संबंध नाही, जरी दोघेही ताठ आणि निसरडे). या फ्लुरोकार्बनला म्हणे गाठ मारत नाहीत. धातूच्या बारीक नळीतून दोनदा ओवून नळी खास पकडीने दाबतात. व्याह्यांच्या प्रत्येक नळीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो. आपण स्वतः दाबल्याची ती खूण, असं ते सांगतात.

तर मागच्या रविवारी मी म्हणालो, पार्सल खात्यात एकतीस वर्षं सुतळीला गाठी मारल्यात, एक जरी सुटली असेल तर मिशी उतरवून देईन. आज लीडर मी बांधतो. हे जाड प्रकरण गाठीत आवळलं जात नाही, सरकतं, असं त्यांनी दोनदा समजावलं. पण सुंभ जळेल, पीळ कसा जाईल? थुंकी लावून, दातांनी ओढून मी गाठ मारलीच. दुपारी व्याह्यांच्या काठीला मासा लागला. काठी पार वाकली, अर्धा तास ते घामाघूम झाले, आयुष्यातला सर्वांत मोठा मासा म्हणून ओरडले, आणि एकदम सगळं ढिलं. मी ताबडतोब म्हणालो, दोर तुटला हो, मासाच तेवढा होता! व्याह्यांनी टोक हातात घेतलं. आता मला काय ठाऊक, की गाठ सरकून सुटली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं पडतं, आणि दोर तुटला तर पडत नाही? शेपटी होती, तीही अगदी सुबक. व्याह्यांनी ती कापून खिशात घातली आणि परत येईपर्यंत ते हवेबद्दल बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परवा लेकीचा फोन आला, की सासऱ्यांनी फ्रिजवर चुंबकाखाली दोराचा एक कुरळा तुकडा लावलाय, आणि काय आहे ते सांगत नाहीत. साडूभाऊ, मासा गेला त्याचं काही नाही. खोटं बोललो त्याची लाज वाटते, आणि आता आमचा रविवारच बंद होतो की काय या धास्तीने घास उतरत नाही.

म्हणून येत्या रविवारचा लीडर मी आणणार, तोही नळी दाबून, असं मी घरात जाहीर केलं (झाकली मूठ ठेवणं मला कधी जमलं नाही). घरात नळदुरुस्तीची पक्कड होती, तिनेच सुरुवात केली. पहिली नळी हलकी दाबली. ताकद पाहायला लीडर न्हाणीघराच्या दाराच्या मुठीत अडकवला, भिंतीला पाय लावला आणि ओढला. दोर नळीतून सरकला आणि मी धुण्याच्या बादलीत बसलो (कंबर). दुसरी नळी इतकी करकचून दाबली की तिच्या कडेनेच दोर कापला. तिसऱ्या वेळी कडा मोकळ्या सोडून मधोमध दाबलं, टोक काडीवर किंचित वितळवून त्याचं बोंड केलं, आणि सगळा जोर लावला. जोड टिकला! मूठ निघाली. सौ. आत होती. सुतार येईपर्यंत पाऊण तास तिने दारामागून माझ्या नोकरीचा, आणि मग तुमच्यासकट सगळ्या नातेवाइकांचा आढावा घेतला. शेवटी म्हणाली, "आपली दोघांची गाठ तेवढी कशी सुटत नाही म्हणते मी! तिला कोणती पक्कड लावली होती?" जोड मजबूत होता की मूठ सैल, याचा निकाल मात्र लागला नाही. सुताराच्या मते मूठ दोन वर्षं सैलच होती.

बाकी क्षेम. मी तुमच्याकडे काही मागितलं का, असं मेहुणीबाई विचारतील. नाही म्हणून सांगा. अजून मागितलेलं नाही.

तुमचा,
पार्सलवाला

ता. क. दोन लीडर दाबून शनिवारच्या आत पाठवा. मीच दाबले असं सांगणार आहे, तेव्हा फार सुबक नकोत.

ता. क. २. छे, पाठवू नका. एका खोट्याला दुसऱ्याचं ठिगळ नको. रविवारी व्याह्यांना सांगून टाकतो, की दोर तुटला नव्हता, माझी गाठ सुटली. माझा तिसरा लीडरच नेईन, मग होईल ते होईल. व्याही आत्ताच आलेत, दाराची नवी मूठ बघायला. जाताना तेच हे पत्र टपालात टाकतील.

ता. क. ३. (अक्षर वेगळं, कारण माणूस वेगळा.) एकतीस वर्षं पार्सलं बांधलेल्या गृहस्थांनी पाकीट न चिकटवताच दिलं. लीडर जरूर पाठवा. त्यांचे दोन आणि माझे नेहमीचे चार. लाल ठिपका फक्त माझ्या चारांवर असू द्या. रविवारी त्यांचं खरं मी ऐकून घेईन. माझं कधी सांगायचं, ते मासा लागल्यावर पाहू.